पाच पिंगचे गिरीधरराव

चेन्नईतल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, उपग्रहावरून इंटरनेट पुरवणारी एक कंपनी आहे. तिथे गिरीधररावांना तोंडावर सगळे 'राव सर' म्हणत आणि पाठ वळली की 'पाच पिंग'. हे दुसरं नाव त्यांच्या कानावर गेलेलं होतं. राग येणं दूरच, खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंच.

नावाची गंमत अशी. कुठून तरी तक्रार येते की लाइन बंद आहे, काही उघडत नाही. तक्रारीला या धंद्यात तिकीट म्हणतात. तिकीट आलं की राव सर खुर्ची पुढे ओढून त्या जागेला पिंग करायचे. पिंग म्हणजे दुसरं काही नाही हो, आपल्या कॉम्प्युटरनं लांबच्या कॉम्प्युटरला मारलेली हाक. 'आहेस का रे?' 'आहे.' एवढंच. ती हाक छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहाकडे जाते, तिथून खाली उतरते आणि तशीच परत येते. अशा पाच हाका मारायच्या. पाचांना पाच ओ आल्या की राव सर तिकिटावर लिहायचे, 'लाइन चालू आहे. दोष आढळला नाही.' आणि तिकीट बंद. सहावी हाक नाही. पोरं थट्टा करायची की देव समोर उभा राहिला तरी राव सर आधी पाच पिंग करतील, मग नमस्कार.

पण थट्टा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की हा माणूस नाकासमोर चालणारा आहे. जन्म तंजावरचा. मराठे राजांच्या मागोमाग जी घराणी तिकडे गेली आणि तिकडचीच झाली, त्यातलं त्यांचं एक. घरात बोलायची ती जुनी मराठी, तिच्यात दर चार शब्दांमागे एक तमिळ, 'रे'च्या जागी 'डा', 'बरं'च्या जागी 'सेरी'. डिप्लोमा करून चेन्नईत आले आणि बँकांच्या गच्च्यांवर डिश बसवायला लागले. चेन्नईचं ऊन, डांबराची गच्ची, हातात होकायंत्र, आणि बोटभर इकडे की बोटभर तिकडे करत उपग्रह शोधायचा. दीपस्तंभ झाले, चहाचे मळे झाले, बेटं झाली, शेवटी समुद्रातली जहाजंसुद्धा झाली. एकतीस वर्षांत त्यांनी कधी कोणाच्या तोंडाकडे बघून काम केलं नाही. मॅनेजर गुरुमूर्तींच्या मेव्हण्याची तक्रार आली तेव्हा ती रांगेत नववी होती, ती नववीच राहिली. गुरुमूर्ती आठवडाभर फुगून बसले होते.

आणि टोकन. जहाजावरच्या मोडेममध्ये काही बदल करायचा तर एक किल्लीएवढं यंत्र लागतं, त्यावर मिनिटा-मिनिटाला सहा आकडे बदलत राहतात. ते आकडे टाकले तरच आत शिरता येतं. खात्यात असं टोकन एकट्या राव सरांकडे. नवीन आलेल्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी ऐकवायचे, "टोकनचा नंबर बायकोला पण सांगायचा नाही. कळलं?"

आता त्यांच्या बायकोला सांगितला असता तरी तिला ऐकू आला नसता, ही गोष्ट वेगळी. विद्यालक्ष्मीबाईंचे कान नऊ वर्षांपूर्वी एका तापात गेले. आठ दिवस मेंदूचा ताप, नवव्या दिवशी शुद्धीवर आल्या त्या डॉक्टरांचे हलणारे ओठ बघत. वेंकट, एकुलता एक मुलगा, तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा. पहिले काही महिने तिरुवल्लिकेणीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत नुसती आरडाओरड चालायची. गिरीधरराव तिच्या कानाशी ओरडायचे. ओरडून बहिऱ्या माणसाला ऐकू येतं थोडंच! उलट ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात आणि जे कळायचं तेही कळत नाही. हे वेंकटनं ओळखलं. तो आईसमोर मांडी घालून बसायचा आणि आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करून, ओठांनी बोलायचा. वर्षभरात त्या दोघांचं असं काही जमलं की बघत राहावं. पुढे पुढे तीही आवाज काढीनाशी झाली. मायलेक समोरासमोर बसून ओठ हलवायचे, मध्येच खो-खो हसायचे, आणि गिरीधरराव पेपरच्या मागून विचारायचे, "काय चाललंय? मला पण सांगा की."

"काही नाही अप्पा," वेंकट म्हणायचा.

गिरीधररावांना ती विद्या कधी आली नाही. वेळ नव्हता हे एक, आणि धीर नव्हता हे दुसरं. त्यांनी एक वही केली होती. बायकोला काही सांगायचं तर वहीत लिहायचं आणि पुढे धरायचं. ती वाचून मान हलवायची. संसार चालला होता.

वेंकट पुढे जहाजावर इंजिनियर झाला. रसायनं वाहून नेणारं मोठं जहाज, सहा-सहा महिने पाण्यावर. आई एका शब्दानं आडवी आली नाही. तिची एकच अट होती की रोज तोंड दाखवायचं. तेव्हा जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेला होतं, तिथले सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेतीन. तिथे कॉफीची सुट्टी व्हायची आणि इथे विद्यालक्ष्मीबाई वेणी घालून, कपाळाला कुंकू लावून, फोन कॉफीच्या भांड्याला, डबऱ्याला, टेकवून बसायच्या. वीस मिनिटं. घरात आवाज म्हणून नाही, आणि बाईंच्या चेहऱ्यावर जत्रा भरलेली. शेजारच्या बायका म्हणायच्या, "ही एकटीच फोनसमोर बसून हसते."

त्या जहाजाची इंटरनेटची लाइन गिरीधररावांच्याच कंपनीची होती. त्यांनी हे ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कशाला? आपला मुलगा असला म्हणून काय झालं.

आणि एका सोमवारी फोनवर वेंकटचं तोंड आलंच नाही. घंटी वाजली, 'जोडत आहे' असं दिसलं, गोल गोल फिरलं आणि पडलं. मंगळवारी तेच. लिहिलेला निरोप यायचा, 'अम्मा, बरा आहे. जेवलों.' फोटो मात्र अर्ध्यातच अडकायचा. चौथ्या दिवशी वेंकटनं वडलांना लिहिलं, 'अप्पा, जहाजाचं सगळं इंटरनेट आमच्या कंपनीच्या व्हीपीएनमधून जातं. निरोप जातो, व्हिडिओ जात नाही. लाइन तुझ्याच ऑफिसची आहे. जरा बघतोस का?'

गिरीधररावांनी उत्तर दिलं, 'सगळ्यांसारखं तिकीट टाक डा.'

त्यानं सगळ्यांसारखं तिकीट टाकलं. दुसऱ्या दिवशी ते रांगेतून सरकत सरकत राव सरांच्याच टेबलावर आलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आहेस का रे? आहे. पाच हाका, पाच ओ. व्हीपीएन, म्हणजे ती खाजगी बंद वाट, तर जहाजाच्या कंपनीचं, आपला त्याच्याशी संबंध नाही. 'लाइन चालू आहे. दोष आढळला नाही.' तिकीट बंद. मनातून त्यांना थोडं बरंही वाटलं, की पोटच्या पोराच्या बाबतीतसुद्धा आपण काटा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. त्यांनी वेंकटला कळवलं, 'आमच्या बाजूनं बरोबर आहे. तुमच्या लोकांना विचार.' वेंकटचं उत्तर आलं, 'सेरी अप्पा.' त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

विद्यालक्ष्मीबाई मात्र रोज साडेतीनला बसायच्या. वेणी, कुंकू, डबरा. फोन उजळला की घाईनं डोळे पुसून बघायच्या, आणि गोल फिरताना बघत राहायच्या. दहाव्या-बाराव्या दिवशी त्यांनी नवऱ्याला, बऱ्याच महिन्यांनी आवाज काढून, म्हटलं, "सगळ्या जगाचं नीट करता. त्याचं करा ना."

गिरीधररावांनी वहीत लिहिलं, 'आमच्या बाजूनं दोष नाही.'

बाईंनी ते वाचलं आणि वही मिटून त्यांच्या हातात दिली.

दीड महिना असा गेला. मग एका बुधवारी सकाळी विद्यालक्ष्मीबाई न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि दारातच बसल्या. श्वास घेता येईना. हृदयाची एक झडप कधीपासून निकामी होत चालली होती म्हणे, कोणाला पत्ता नव्हता. मैलापूरच्या एका हॉस्पिटलात नेलं. पाणी छातीत भरलेलं, मूत्रपिंडंही साथ देईनात. गिरीधररावांची धाकटी विधवा बहीण सईबाई मांबळमहून धावत आली. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी दोघांना बाहेर बोलावून तमिळमध्ये हळूच सांगितलं, की मुलगा असेल तर बोलवा, फार वेळ नाही.

बोलवा! मुलगा भर समुद्रात, पुढचं बंदर अकरा दिवसांवर. वेंकटनं कळताच कप्तानाला गाठलं. कप्तान भला माणूस, त्यानं जहाजावरचा उपग्रह-फोन त्याच्या हातात दिला. शुक्रवारी दुपारी दीडला हॉस्पिटलात वेंकटचा आवाज आला, खणखणीत, शेजारच्या खाटेवरून बोलावा इतका. गिरीधररावांनी फोन हातात धरला आणि त्यांना कळेना की त्याचं काय करायचं. बहिऱ्या आईला आवाज घेऊन काय करायचा? त्यांनी फोन तिच्या गालाला लावला. तिनं तो हातानं बाजूला केला, आणि ऑक्सिजनच्या मुखवट्याआडून, घरघरत्या आवाजात म्हणाली, "त्याचं तोंड."

सईबाईनं मोबाइलमधले जुने फोटो काढून तिच्यासमोर धरले. गणवेशातला वेंकट, जावळाचा वेंकट. विद्यालक्ष्मीबाईंनी मान फिरवली. "हें जुनें. आत्ताचं."

"अण्णा," सईबाई भावाला म्हणाली, "अरे, जन्मभर हेंच काम केलंस ना तूं? दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच. काही तरी कर की रे!"

गिरीधरराव व्हरांड्यात गेले आणि ऑफिसात फोन लावला. ड्यूटीवर मंदार होता. हा मिरजेचा, चार वर्षांपूर्वी चेन्नईला आलेला, हाताचा चांगला आणि तोंडाचा फटकळ. राव सरांनी त्याला जहाजाचा नंबर सांगितला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "मंदार, रांग सोड. हें आधी बघ. माझा मुलगा आहे तिथं."

दहा मिनिटांत मंदारचा फोन आला. "राव सर, लाइन चालू आहे हो, पिंग येतोय. पण मी मोठं पॅकेट टाकून बघितलं. एक पण परत येत नाही. लहान टाकलं की येतंय."

राव सरांच्या एका क्षणात सगळं डोळ्यांसमोर आलं. टपालपेटीची फट ठरलेल्या मापाची असते. व्हीपीएन म्हणजे काय, तर एक पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून टाकणं, आतलं कोणी वाचू नये म्हणून. लहान चिठ्ठी असेल तर दोन पाकिटांत घातली तरी फटीतून आत जाते. निरोप जातो, पिंग जातो. पण फोटो आणि व्हिडिओ म्हणजे आधीच काठोकाठ भरलेली पाकिटं. त्यांच्यावर आणखी एक पाकीट चढवलं की ती फटीत शिरतच नाहीत. आणि पेटी काही ओरडून सांगत नाही की शिरलं नाही म्हणून. पाठवणारा पाठवत राहतो, घेणारा वाट बघत राहतो. उपाय काय, तर मोडेमला सांगायचं की बाबा, पाकिटं जरा लहान कर. एक आकडा बदलायचा. पाच मिनिटांचं काम.

"हें कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मागं मोडेमचं सॉफ्टवेअर आपण बदललं ना, तेव्हापासून दिसतंय. दीड महिना. आणि राव सर..." मंदार थांबला. "याचं एक तिकीट आलं होतं. बंद झालंय ते."

"ठाऊक आहे," गिरीधरराव म्हणाले. "मींच केलं."

एकतीस वर्षांत त्यांनी किती तिकिटं अशी बंद केली असतील? किती जण तिकडे गोल गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसले असतील? त्या व्हरांड्यात उभं राहून तो हिशेब करायला वेळ नव्हता.

"सर, तुम्ही तिथंच थांबा," मंदार म्हणाला. "टोकन तुमच्या खिशात असेल ना? नंबर सांगा फोनवर. मी आत शिरतो आणि बदलतो. पाच मिनिटं."

आता इथे काय करायला हवं होतं ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सहा आकडे! सांगायचे होते आणि मोकळं व्हायचं होतं. टोकन खिशातच होतं, त्यांनी ते बाहेर काढलंही, आकड्यांकडे बघितलंही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ज्या माणसानं एकतीस वर्षं एकाच खुंटीला स्वतःला बांधून घेतलं, त्याला ऐन वेळी ती गाठ सोडता येत नाही. त्यांच्या तोंडून निघालं, "टोकनचा नंबर फोनवर सांगत नसतात. मीं येतों."

"अहो राव सर, काय हे!"

"मीं येतों म्हटलं ना."

ते आत आले. वहीत लिहिलं, 'दोष सापडला. ऑफिसला जाऊन येतों. साडेतीनला वेंकट दिसेल.' विद्यालक्ष्मीबाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी नवऱ्याचा हात धरला, आणि धरलेल्याच हातानं त्यांना दाराकडे ढकललं. जा, लवकर जा. त्यांच्या डोळ्यांत त्या तीन दिवसांत पहिल्यांदा काही तरी हललं. सईबाईला त्यांनी खुणेनं कंगवा मागितला.

रिक्षा, मेट्रो, गिंडी स्टेशनपासून पायी. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस भर उन्हात वसाहतीच्या रस्त्यानं पळत होता आणि लेथच्या दुकानांतली माणसं काम थांबवून बघत होती. दोन चाळीसला ते खुर्चीवर बसले. टोकनचे आकडे टाकले. आत शिरले. एका रकान्यात एक आकडा बदलला, जतन केला, आणि मोडेम बंद करून पुन्हा चालू करायचा हुकूम दिला. मंदार मागे उभा होता. घड्याळात दोन सत्तेचाळीस झाले होते.

मोडेम पुन्हा उठला की त्याला उपग्रह नव्यानं शोधावा लागतो. एरवी दहा मिनिटं. त्या दिवशी दहा झाली, पंधरा झाली. मंदारनं नकाशा काढून बघितला. जहाजानं वळण घेतलं होतं आणि त्याचं धुराडं नेमकं डिश आणि उपग्रह यांच्या मध्ये आलं होतं. असं होतं कधी कधी. जहाज थोडं वळलं की आपोआप सुटतं. यात कोणाला काही करता येत नाही. गिरीधरराव पडद्याकडे बघत बसले होते. ते दर पाच-सहा सेकंदांनी हाक मारत होते आणि ओ येत नव्हती. आहेस का रे? आहेस का रे? मंदारनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

तीन बावीसला ओ आली. त्यांनी लगेच मोठं पॅकेट टाकलं, पूर्ण भरलेलं. आलं. पुन्हा टाकलं. आलं. पाचवं आलं. मंदारनं टेबलावर थाप मारली, "आलं की राव सर!" गिरीधररावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खिशातला मोबाइल थरथरला. वेंकटचा निरोप होता, आणि निरोपाबरोबर त्याचा फोटो, दीड महिन्यातला पहिला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, आणि तरी हसतोय. 'अप्पा, गेलं! फोटो गेला! तूं जिंकलास. शर्ट बदलून येतों, अम्मा ह्या शर्टाला रागावेल. साडेतीनला लावतों.'

फोटोवरून नजर निघायच्या आत सईबाईचा फोन आला. ती रडत नव्हती.

"अण्णा, विद्या गेली रे. आत्ता दहा मिनिटं झालीं. मीं वेणी घालत होतें. ती दाराकडे बघत होती."

गिरीधररावांनी फोन खाली ठेवला. पडद्यावर एकामागून एक ओळी उमटत होत्या, आहे, आहे, आहे. मंदारनं पुढे होऊन ते बंद केलं.

रिक्षात मंदार त्यांच्याबरोबर बसला. बरोबर साडेतीनला सैदापेट्टच्या पुलावर फोन वाजला. व्हिडिओ. गिरीधरराव नुसतेच त्याच्याकडे बघत राहिले. थांबला. पुन्हा वाजला. मंदार म्हणाला, "राव सर, मी बोलू का?"

"नको," ते म्हणाले. "त्याला तोंड हवंय ना. तिथं जाऊन देतों."

सईबाईनं वेणी पुरी केली होती, गजराही माळला होता. कोणी तरी मुखवटा आणि नळ्या काढल्या होत्या. खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढलेला होता. गिरीधरराव खाटेशी बसले आणि त्यांनी स्वतःच फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला गेला.

काय लख्ख चित्र होतं! इस्त्रीचा पांढरा शर्ट, ओला भांग, मागे मेसच्या भिंतीवरचं घड्याळ. आणि वेंकट आवाज न काढता, ओठांनी, भराभरा बोलायला लागला होता. फोन आईच्याच हातात असणार असं धरून. मग त्याला वडलांचं तोंड दिसलं आणि ओठ थांबले.

"अप्पा? अम्मा झोपली का?"

वही गुडघ्यावर होती, क्षणभर गिरीधररावांचा हात तिच्याकडे गेला. मग ते म्हणाले, "गेली डा. तीन-बाराला. मीं ऑफिसांत होतों." आणि थांबले नाहीत, थांबलो तर पुन्हा सांगता येणार नाही हे त्यांना कळत होतं. "वेंकट, दोष आमच्याच बाजूनं होता. दीड महिना. तुझं तिकीट मींच बंद केलं होतं. आणि आज मंदार म्हणत होता, आकडे फोनवर सांगा, तें पण मीं सांगितलं नाही. मला तिच्याजवळ बसतां आलं असतं. तुलाही तिला दिसतां आलं असतं. मींच केलं हें सगळं."

उपग्रहाची लाइन, उत्तर यायला थोडा उशीर लागतोच. पण हा उशीर त्याहून मोठा होता.

"तिकीट तूं बंद केलंस तें ठाऊक होतं, अप्पा," वेंकट म्हणाला. "तिकीट बंद झाल्याचा मेल आला, त्याच्या खालीं तुझं नांव होतं. मीं अम्माला कळवलं नाही. तिला लिहिलं होतं की इकडे हवा खराब आहे."

गिरीधरराव हमसून हमसून रडायला लागले. सईबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मंदार पडद्याबाहेर जाऊन उभा राहिला.

"अप्पा, रडूं नकोस. फोन तिच्याकडे कर. मला बघूं दे."

त्यांनी फोन वळवला. उशाशी सरकून तो तिच्या चेहऱ्यासमोर धरला. फोनच्या पडद्यात एका कोपऱ्यात विद्यालक्ष्मीबाईंचा चेहरा दिसत होता आणि बाकी सगळ्या चौकटीत वेंकट. तो आईकडे बघत राहिला. मग त्याचे ओठ हलायला लागले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आवाज अजिबात नाही. मध्येच तो थांबला, जरासा हसला, पुन्हा बोलायला लागला. चार-पाच मिनिटं तरी तो बोलत होता. चित्र कुठेही अडकलं नाही. गिरीधरराव त्या ओठांकडे डोळे फाडून बघत होते. 'अम्मा' एवढं त्यांना ओळखता आलं. पुढचा एक शब्द कळेना.

वेंकटचे ओठ मिटले. त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"काय म्हणालास डा?" गिरीधररावांनी विचारलं. "मला पण सांग."

"तें तिला म्हटलं, अप्पा," वेंकट म्हणाला, आणि त्याला इंजिनरूममधून बोलावणं आलं.